पडक्या बंगल्याचे ओव्हरसियर

हेल्मेट काका घालत, पण स्कूटरवरून उतरल्यावर. रस्त्यावर ते हँडलला लटकत असे आणि एखाद्या पडक्या इमारतीसमोर स्कूटर स्टँडला लागली की डोक्यावर चढे. पूर्ण तोंड झाकणारं, काळ्या काचेचं ते हेल्मेट त्यांच्या जावयाने पुण्याहून मोठ्या हौसेने आणून दिलं होतं. "रस्त्यावरची माणसं निदान समोरून येतात," ते म्हणायचे, "कौलं वरून येतात." नगरच्या रस्त्यांवर माणसं फक्त समोरून येतात हे मला पटण्यासारखं नव्हतं. पण त्यांच्याशी वाद घालायचा म्हणजे अख्खा रविवार खर्ची घालायचा, आणि माझा रविवार तसाही त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवरच जात असे.

ते माझे घरमालक. नव्वदच्या दशकातली मधली काही वर्षं मी सावेडीत त्यांच्या माडीवरच्या खोलीत भाड्याने राहत होतो. मी कोपरगावकडचा, विम्याच्या कचेरीत कारकून म्हणून नगरला आलेला, एकटा, आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं काय करावं हे न समजणारा. ते सरकारी बांधकामांवर ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढून नुकतेच निवृत्त झालेले. कॉलनी त्यांना ओव्हरसियर साहेब म्हणायची, मी काका म्हणायचो. उंच, काटकुळे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि स्कूटरच्या डिकीत एक खराटा, एक तारेचा ब्रश, पाण्याची बाटली आणि भाजलेले शेंगदाणे.

निवृत्त माणसं गुलाब लावतात, किंवा पाण्याच्या टाकीवरून कॉलनीशी भांडतात. काकांनी ओसाड इमारती धरल्या. बंद पडलेली जिनिंग फॅक्टरी, रेल्वेची उजाड चौकी, कोणे एके काळी मिशनचा दवाखाना असलेली चार भिंतींची वास्तू, कारखान्याची रिकामी क्वार्टर्स. जिल्ह्यात अशा जागा काही कमी नव्हत्या, आणि त्यातली एखादी कोणाच्या तोंडून ऐकली की काका रविवारी सकाळी माझं दार वाजवत. काकू खालून ओरडायच्या, "जा, पडक्या घरात जा. धडक्या घरात तुमचं मन कुठे लागतंय!" काकू सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. संध्याकाळी आम्ही परत आलो की आधी आमचे हातपाय तपासायच्या आणि मग चहा टाकायच्या.

ओसाड जागेत शिरण्याची काकांची एक रीत होती. उंबरठ्याशी थांबायचं, मग तो उंबरठा उपटून नेलेला असला तरी. चपला काढायच्या. आणि मोठ्याने हाक घालायची, "कोन हाय का आत? येऊ का?" एरवी ते अगदी कचेरीतलं मराठी बोलत, पण रिकाम्या घराशी ते आपल्या गावच्या बोलीत बोलत. मग थोडा वेळ थांबायचं. आतून एखादं कबुतर फडफडे, एकदा तर चिडलेली डुकरीण बाहेर आली. काहीच झालं नाही तर काका स्वतःच "हां" म्हणत आणि आत पाऊल टाकत. पहिल्यांदा मला हसू आलं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मीही चपला काढून त्यांच्यामागे उभा राहू लागलो, आणि आपण असं का करतोय हे विचारायचं राहून गेलं.

आत गेल्यावर ते काहीही दुरुस्त करत नसत. झाडायचे, इतकंच. भिंतीवर हात फिरवायचे, चुना चिमटीत घेऊन चुरायचे, आढ्याकडे बघत मान हलवायचे. एखादा कोपरा ढासळला असला तर त्यांना वाईट वाटत नसे. "म्हातारं माणूस मरणारच," ते म्हणत. "आपल्या मरणानं मरू द्यावं. गळा दाबायला जाऊ नये." पावसाने पडलेली भिंत आणि माणसाने पाडलेली भिंत त्यांना लांबून ओळखता येई. दुसरी दिसली की त्यांचा आवाज खाली जाई आणि शेंगदाण्यांची पुडी सोडली जात नसे.

आणि भिंतीवरची नावं! खडूने, कोळशाने, विटेच्या तुकड्याने, खिळ्याने कोरून लिहिलेली. मला वाटतं आपल्या लोकांना रिकामी भिंत बघवतच नाही. कोणाचं कोणावर प्रेम आहे, कोण कोणाचा बाप आहे, कोण कोणत्या सालची बॅच आहे. काका डिकीतून तारेचा ब्रश काढत आणि घासायला बसत. एका दुपारी दोन-तीन नावं निघायची. पुढच्या रविवारी तिथे चार नवी असायची. मी म्हणायचो, "काका, हे काय संपणारं आहे?" ते म्हणायचे, "दाढी तरी कुठे संपते?" आता काका नाहीत, मी त्यांच्या तेव्हाच्या वयाला पोहोचलो आहे, आणि त्यांना त्या उत्तराचाही किती कंटाळा आला असेल ते आता मला कळतं.

ह्या सगळ्या इमारतींत त्यांची खरी एकच होती. बाकीच्या पाहुण्या. पारनेरच्या बाजूला, माळरानात, इंग्रजांच्या वेळच्या दुष्काळी कामातला एक तलाव आहे. तलाव म्हणायचं ते पावसाळ्यापुरतं, एरवी त्यात बाभळी उभ्या. त्याच्या बांधाजवळ गोऱ्या इंजिनिअरसाठी बांधलेला दगडी बंगला होता. पुढे ओटी, ओटीला चार दगडी खांब, मागे दोन खोल्या. कौलं निम्मी गेलेली, दारं-खिडक्या केव्हाच कोणाच्या तरी घराला लागलेल्या. खात्याचे साहेब पूर्वी तिथे मुक्कामाला येत, मग नवीन विश्रामगृह झालं आणि इथे यायचं सगळ्यांनी सोडलं.

तलावाच्या आणि बंगल्याच्या कामावर काकांच्या आजोबांनी पाट्या वाहिल्या होत्या. दुष्काळात पंचक्रोशीतली अर्धी माणसं त्या कामावर जगली. बंगला पुरा झाला त्या दिवसापासून आजोबांना त्याच्या ओटीवर चढायला बंदी. पाणी मागितलं तर लांबून ओंजळीत. हे काकांनी मला एकदाच सांगितलं, तेही खराटा मारता मारता. पुढे काका ओव्हरसियर झाल्यावर तपासणीच्या निमित्ताने त्या बंगल्यात मुक्कामाला राहिले. "खाट होती, गादी होती," ते म्हणाले. "झोपच येईना. मग खाली फरशीवर आडवा झालो. तेव्हा लागली."

ओटीच्या दर्शनी भिंतीतल्या काही दगडांवर एक खूण होती. कोंबडीच्या पावलासारख्या तीन रेघा, टाकीने, म्हणजे छिन्नीने, बारीक कोरलेल्या. पाथरवट आपापल्या दगडावर अशी खूण करायचे, म्हणजे कोणाचं काम किती ते मोजता येई. काका त्या खुणांवरून बोट फिरवत. मी म्हणालो, "हेही भिंतीवर नाव लिहिणंच झालं की." ते म्हणाले, "ज्यानं दगड घडवला त्यानं लिहिलं. त्याला हक्क आहे." ती खूण आजोबांची का, असं विचारल्यावर त्यांनी नाही म्हटलं. आजोबांना टाकीला हात लावू देत नव्हते, फक्त पाटी. "पण खूण करणाऱ्याच्या पायाशी दगड त्यांनीच आणून टाकला असेल," ते म्हणाले. तेवढं त्यांना पुरत होतं.

एका रविवारी आम्ही पोहोचलो तर बंगल्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने, हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं: 'गोरख टेम्पो सर्व्हिस. टेम्पो भाड्याने मिळेल.' ऑइलपेंट तारेच्या ब्रशला दाद देत नाही. काकांनी ब्रश परत डिकीत ठेवला. मग आम्ही गावात जाऊन गोरखचं घर शोधलं. गोरख तिशीचा, गुटगुटीत, हसतमुख माणूस. काकांनी डिकीतून कोळशाचा तुकडा काढला आणि म्हणाले, "तुमच्या घराच्या भिंतीवर माझं नाव लिहायला आलोय. चालेल ना?"

त्यांना वाटलं होतं, माणूस ओशाळेल. गोरख म्हणाला, "लिवा की सायेब! दिवाळीला रंग द्यायचाच हाय. आन् कोळशानं कशाला, खडू देऊ का?" त्याने खुर्च्या मांडल्या, बायकोला चहा टाकायला सांगितलं. काकांनी बंगल्याचा विषय काढला. तो समजून घ्यायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसत होतं. "पर सायेब, ती कुनाचीच न्हाई ना भिंत," तो म्हणाला. "कुनाची आसती तर मी इच्यारलं आसतं." काका चहा पिऊन उठले. कोळसा खिशात टाकल्याने इस्त्रीच्या पँटवर जो डाग पडला तो काकूंच्या हातूनही गेला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात प्रकरण नावांवर थांबेना. बाटल्या फुटू लागल्या. गुप्तधन असेल म्हणून कोणीतरी आतल्या खोलीची फरशी उखडून कमरेइतका खड्डा केला. आणि मग एके दिवशी दर्शनी भिंतीतले दोन दगड नव्हते. पहार लावून सफाईने काढलेले, शेजारी ट्रॅक्टरच्या चाकाच्या खुणा. दोन्ही कोंबडीच्या पावलाचे. त्या मोकळ्या जागेत काकांनी हात घातला, आतली माती खाली सांडली. ती त्यांनी मुठीने परत आत भरली. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ज्या खात्याचा तो बंगला, त्या खात्याच्या कचेरीत आम्ही गेलो. तिथल्या क्लार्कने काकांना ओळखलं, बसायला दिलं, फाईल काढली. "साहेब, ती इमारत पडली म्हणून नोंद आहे आमच्याकडे," तो म्हणाला.

"मी काल तिच्यात उभा होतो," काका म्हणाले.

"मग जपून उभे राहत जा," क्लार्क म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता. त्याला खरंच काळजी वाटली.

त्याच आठवड्यात, रात्री जेवताना, मी आमच्या कचेरीची एक गंमत सांगितली. सावेडीतल्या नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आमची कचेरी, आणि जिन्याचे सगळे कोपरे पानाच्या पिचकाऱ्यांनी लाल झालेले. सूचना लावल्या, दंड लावला, वॉचमन ठेवला. शेवटी इमारतीच्या मालकाने प्रत्येक कोपऱ्यात देवांची चित्रं असलेल्या फरश्या बसवल्या, सगळ्या धर्मांच्या, कोणी रागवायला नको. थुंकणं त्या दिवसापासून बंद. काकू हसल्या. काका भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी ते मला कचेरीत दिसले. माझ्याकडे नव्हते आले. जिन्याच्या कोपऱ्यात वाकून फरशी बघत होते.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. छप्पन साली त्यांच्या वस्तीने धर्म बदलला तेव्हा काका वसतिगृहात शिकत होते. घरी आले तर वडील देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरत होते. टोपली नदीपर्यंत काकांनीच डोक्यावर नेली. "जड नव्हती," ते सांगायचे. "आईच्या डोळ्यांत पाणी होतं. वडिलांच्या नाही." तेव्हापासून त्यांनी कोणत्या दगडापुढे हात जोडले नव्हते. मुलगी तापाने फणफणली तेव्हा शेजारणींनी नवस सुचवला, तेव्हाही नाही. घरात बुद्धाची एक तसबीर, तिलाही फुलं कमी आणि फडकं जास्त. गणपतीच्या वर्गणीला आलेल्या पोरांना ते चहा पाजत आणि शांतपणे नाही म्हणत. ह्या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची माझी छाती नव्हती.

म्हणून त्या रविवारी बंगल्यासमोर त्यांनी डिकीतून शेंदराची पुडी आणि गोडेतेलाची बाटली काढली तेव्हा मी चपला काढायचंच विसरलो. रणरणतं ऊन होतं. त्यांनी ओटीच्या पायरीशी पडलेला एक ओबडधोबड दगड उचलून पायरीवर, भिंतीला टेकवून उभा केला. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही लावा. तुमच्या घरी लावत असतील." मी म्हणालो, आमच्याकडे हे सगळं आई बघते. तरी मी पुढे झालो, पुडीला हात लावला. काकांनी ती काढून घेतली. "नको," ते म्हणाले. "खोटं बोलायचं तर आपल्या हातानं बोलावं."

गुडघ्यावर बसून त्यांनी तेलात शेंदूर कालवला आणि दगडाला लावला. भिंतीला गिलावा करावा तसा, सारखा, कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. ओव्हरसियरचा हात. लावून झाल्यावर ते लांब जाऊन बघत राहिले. दोन मिनिटांत त्या दगडाचा चेहराच बदलला. मी कबूल केलं पाहिजे, माझा हात आपोआप छातीशी गेला. काकांनी ते पाहिलं. "चालेल म्हणजे," ते म्हणाले, आणि मातीने हात घासू लागले. माती लावली, बाटलीतलं सगळं पाणी ओतलं. नखांतला रंग निघाला नाही.

संध्याकाळी काकूंनी नेहमीप्रमाणे हात तपासले. नखांशी थांबल्या.

"शेंदूर?"

"दगडाला लावला."

"दगडालाच लावतात," काकू म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. त्या रात्री खाली रेडिओ लागला नाही.

उपाय मात्र रामबाण निघाला. पुढच्या महिन्यात एक नाव नाही, एक बाटली नाही. ट्रॅक्टरच्या खुणा पावसात पुसून गेल्या आणि नवीन उमटल्या नाहीत. कोणीतरी दगडापुढे दोन रानफुलं ठेवली होती. काका भिंतीपाशी उभे राहून उरलेले दगड बोटाने मोजत होते, आणि खूप दिवसांनी शेंगदाण्यांची पुडी सोडली गेली. ते खूश होते. खूश आणि शरमिंदे, दोन्ही एकदम. वाटेत म्हणाले, "वडील असते तर त्यांना काय सांगितलं असतं?" मागच्या सीटवरून दिलेली उत्तरं वाऱ्यात जातात.

मग करवंट्या दिसू लागल्या. मग एक घंटा. मग झेंडा. दिवाळीच्या सुमारास आम्ही गेलो तर समोरच्या बाभळीखाली नारळवाला बसलेला. काकांनी त्याला विचारलं, हा कोणता देव? "बंगलोबा," तो म्हणाला. "लई जागृत हाय. पुरानं ठिकान हाय हे, सायेबाच्या टायमापासनं." आम्ही नारळ न घेता पुढे गेलो तसा तो मागून म्हणाला, "हात हालवत जाऊ नका बाबा, बरं न्हाई."

गोरखचा टेम्पो त्या वर्षी घाटात बंद पडायचा थांबला होता. त्याचं श्रेय त्याने बंगलोबाला दिलं आणि देवस्थानाच्या कमिटीचा अध्यक्ष झाला. आपली निळी जाहिरात त्याने स्वतःच्या हाताने गुलाबी ऑइलपेंटने झाकली. काकांना बघून तो धावत आला, पायाला हात लावला. "तुमचं बोलनं तवा ध्येनात आलं न्हाई सायेब," तो म्हणाला. "देवाच्या भितीवर टेम्पो लिवला हुता मी. आता बगा." आम्ही बघितलं. चारही खांब गुलाबी. पुढच्या वेळी गेलो तर ओटीला बाथरूमच्या पांढऱ्या फरश्या बसत होत्या, निळ्या किनारीच्या. काका तेही गिळून बसले. आतला दगड शाबूत आहे, फरशी काय, कधीतरी निघेल, असं मला म्हणाले. माझ्यापेक्षा स्वतःलाच सांगत होते.

पण सभामंडपासाठी दर्शनी भिंत पाडायची ठरली हे गोरखकडून कळलं तेव्हा त्यांना राहवेना. रविवारी कमिटीची बैठक बंगल्यातच होती. काका तिथे गेले, मी बरोबर होतो. ओटीवर पन्नासेक माणसं बसली होती, बायका वेगळ्या एका बाजूला. काका उभे राहिले. कचेरीतलं मराठी त्यांनी बाजूला ठेवलं.

"ह्यो दगूड म्या ठिवलाय," ते म्हणाले. "शेंदूर म्या लावलाय. नगरच्या किराना दुकानातनं आनला. ह्यो देव न्हाई. तुमी भितीवर लिवू नये, दगडं काडू नये, म्हून म्या तुमाला फसीवलं. मला माप करा, पर ही भित पाडू नका. ह्या भितीत माझ्या आज्यानं व्हायलेली दगडं हायेत."

वर झेंडा फडफडत होता तेवढाच आवाज. मला वाटलं, आता मार बसतो. मी स्कूटर कुठे आहे ते बघून ठेवलं. मग बायकांतून एक म्हातारी उठली, गुडघे धरत धरत आली आणि काकांच्या पायांवर डोकं ठेवलं. "देवानं तुज्या हातनं लावून घेतला रं, लेकरा," ती म्हणाली. "त्याला तुजाच हात पायजे हुता." काका मागे सरकले तर मागे भिंत. एकामागून एक माणसं उठली. गोरखचे डोळे भरून आले होते. "आमी इतके दिस हुडकत हुतो सायेब," तो म्हणाला, "पयला शेंदूर कुनी लावला म्हून. पत्ता लागत नव्हता."

काका परत परत सांगत होते, फसवलं, फसवलं. कोणी ऐकत नव्हतं. शाल आली, नारळ आला. भिंतीचं काय, ह्यावर गोरखने लगेच तोडगा काढला. "भित तर पाडावी लागंल. पर आज्याची दगडं फेकत न्हाई सायेब. मंडपाच्या पायात घालतो. म्हंजी कायमची ऱ्हातील." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना खरंच वाटलं की त्यांनी काकांची इच्छा पुरी केली.

परतताना फाट्यावर चहाला थांबलो. शाल डिकीत मावत नव्हती म्हणून माझ्या मांडीवर होती. काका कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "माझ्या आजोबांना ह्या गावाच्या देवळाच्या पायरीला हात लावू दिला नव्हता. मी त्यांना अख्खा देव काढून दिला." मग म्हणाले, "आडनाव विचारलं नाही हो मला कोणी. विचारायला पाहिजे होतं." इतकं दमलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चहा तसाच ठेवून ते उठले.

आडनाव गोरखने नंतर कॉलनीत येऊन, घराच्या पाटीवरून उतरवून नेलं होतं. ते आम्हाला कळलं सभामंडपाच्या उद्घाटनाला. काका जाणार नव्हते. काकू म्हणाल्या, "जाऊन या. तुमचंच आहे ना ते?" टोमणा होता की माया, मला आजही सांगता येणार नाही. मी मागे बसलो.

बंगल्याच्या जागी सिमेंटचा मंडप होता. स्कूटर लावून काकांनी हेल्मेटकडे हात नेला आणि मागे घेतला. वरून पडायला आता कौलच नव्हतं, स्लॅब होता. पायरीशी थांबून त्यांनी चपला काढल्या. नेहमीची हाक घातली, पण अगदी हळू, माझ्याशिवाय कोणाला ऐकू गेली नसेल. "कोन हाय का आत?" आतून घंटा वाजली आणि लाउडस्पीकर सुरू झाला.

जिथे दर्शनी भिंत होती तिथे नवी भिंत, आणि नव्या भिंतीत छातीच्या उंचीवर संगमरवराची पाटी. 'श्री बंगलोबा देवस्थान. संस्थापक', आणि खाली काकांचं नाव, वडिलांच्या नावासकट, पूर्ण. ज्यांनी देव टोपलीत भरले त्यांचं नाव. काका ते वाचत उभे राहिले. मग बाहेर गेले आणि डिकीतून तारेचा ब्रश घेऊन आले. लोकांना वाटलं, साहेब साफसफाई करतायत, त्यांनी जागा करून दिली. काकांनी ब्रश पाटीला लावला, दोनदा ओढला. संगमरवरावर धूळ होती तेवढी गेली. नाव आणखी स्पष्ट झालं.

"ऱ्हाऊ द्या सायेब," गोरख मागून मायेने म्हणाला. "कोरलंय ते. आता कदी पुसायचं न्हाई."

काकांनी बोट अक्षरांवरून फिरवलं, पूर्वी त्या तीन रेघांवरून फिरवत तसं. "काम चांगलं झालंय," ते म्हणाले. ओव्हरसियर होते, चांगल्या कामाला वाईट म्हणणं त्यांना जमलं नसतं.

बाहेर आलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं उभी होती. नारळवाला उठून उभा राहिला होता. काका दिसताच सगळ्यांनी हात जोडले. काकांनी हँडलवरचं हेल्मेट काढलं, डोक्यात घातलं, काळी काच खाली ओढली आणि मग स्कूटरला किक मारली. सावेडी येईपर्यंत त्यांनी ती काच वर केली नाही.